बॉब स्नॉडग्रास : ज्योतीवर घडलेली काच

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातल्या युजीन शहरात गांजा-तंबाखू ओढण्याच्या काचेच्या शिल्परूप पाइपांची जी परंपरा रुजली, तिचे मूळ सांगताना बहुतेक कारागीर बॉब स्नॉडग्रास यांचेच नाव घेतात. 1971च्या सुमारास ते गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच घडवू लागले. पुढे ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा दौरा जाईल तिथे कुटुंबासह जायचे आणि मैफलीबाहेरच्या वाहनतळावर स्वतः घडवलेले पाइप विकायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता.

त्यांचे नाव झाले ते एका रंगप्रक्रियेमुळे. ज्योतीत चांदीचा किंवा सोन्याचा कण धरला की धातूची वाफ होते आणि ज्योतीपुढे फिरवत ठेवलेल्या तापलेल्या काचेवर तिचा अतिशय पातळ थर बसतो. चांदीने पिवळसर-निळसर छटा येतात, सोन्याने गुलाबी. वाफेने काचेला झळाळी आणण्याची विद्या अमेरिकी काचकलावंत टिफनी यांच्यासारख्यांना एकोणिसाव्या शतकातच अवगत होती. स्नॉडग्रास यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी धातूची वाफ पाइपवर वापरली आणि तिथे तिचा गुण काही औरच ठरला. नवा पाइप फिकट असतो. वापरागणिक आतून काजळी धरते आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर निळा रंग उठून दिसू लागतो. एरवी खरवडून टाकावी अशी ही काजळी. इथे मात्र कलावंताचे उरलेले काम तीच करते.

काच बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतील चंचुपात्रांचीच. ती उष्णतेने फार कमी प्रसरण पावते, त्यामुळे पाइपचा एकच भाग तापवून त्यावर नवा आकार जोडता येतो. स्नॉडग्रास यांचा लाडका आकार कवटीचा : वितळलेल्या काचेचा गोळा चिकटवायचा, हत्याराने दाबून डोळ्यांच्या खोबणी पाडायच्या, मग दातांच्या रेषा. शेवटी सुमारे 565 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून सावकाश थंड केले की काचेतला ताण निघून जातो.

1990च्या सुमारास ते युजीनला स्थायिक झाले, शिष्य तयार झाले आणि शहरात कार्यशाळा वाढल्या. फेब्रुवारी 2003मध्ये संघीय सरकारने ‘ऑपरेशन पाइप ड्रीम्स’ या मोहिमेत असे पाइप व तत्सम साधने विकल्याबद्दल 55 जणांवर आरोप ठेवले. त्यांपैकी विनोदी अभिनेते टॉमी चाँग यांना नऊ महिन्यांची कैद झाली. हात कितीही कसबी असला, तरी कायद्याच्या लेखी तो पाइप अमली पदार्थ ओढण्याचे साधनच होता. तंबाखूच्या पारंपरिक साधनांना त्याच कायद्यात सूट असल्याने दुकानांतून ‘केवळ तंबाखूसाठी’ अशा पाट्या झळकत, आणि त्या वाचून ना दुकानदार फसत असे, ना गिऱ्हाईक.