थरथर बारची की भिंतीची?

(पडद्यावर: लेथवर फिरणारं आंब्याच्या लाकडाचं भांडं. फक्त यंत्राचा आवाज.)

हे मिरज, तंबोऱ्या-सतारींचं गाव. इथे भोपळा पोकळ आणि पातळ कवचीचा लागतो, कारण तार छेडली की त्याने गुंजायला हवं. लेथवर लाकडी भांडं कोरताना मात्र हेच गुंजणं नको असतं. भिंत 4 मिलिमीटरवर आली की ती थरथरते आणि आतल्या अंगावर बारीक लाटा उमटतात. कारागीर त्याला चॅटर म्हणतात. 80 नंबरच्या पेपरने तासभर घासलं तरी तो पुरता जात नाही.

आधी कान द्या. जाडसर घरघर आली तर बार, म्हणजे आतून कोरायच्या हत्याराचा लांब दांडा, हलतोय. शिट्टीसारखी बारीक किंचाळी आली तर भिंत. दोघांचा इलाज वेगळा आहे, आणि नेमकी इथेच गफलत होते: भिंत शिट्टी वाजवत असताना लोक बार बदलत बसतात.

(दृश्य: टूल रेस्टवर टेकलेला बार.)

बारचा हिशोब कुपवाड एमआयडीसीत लोखंड कापणाऱ्या टर्नरला पाठ असतो. तोच लाकडालाही लागू पडतो. टूल रेस्टच्या, म्हणजे बार टेकवायच्या आधाराच्या, पुढे बार दुप्पट बाहेर काढला, तर तेवढ्याच जोराला तो आठपट वाकतो. 16 ऐवजी 20 मिलिमीटर जाडीचा घेतला, तर वाकणं निम्म्याहूनही कमी होतं. म्हणून 150 मिलिमीटर खोलीपर्यंत 16 चा बार पुरे, पुढे 20 चा. रेस्ट भांड्याच्या तोंडाला जवळजवळ भिडलेली हवी. टोकाला रुंद स्क्रेपर नको. 5 मिलिमीटरचं हाय स्पीड स्टीलचं बिट, म्हणजे कापणारं छोटं पातं, लावा, ताजी धार करून. बाकदार बार असेल तर त्याचा सरळ भागच रेस्टवर टेकवा. बाक रेस्टवर आला की बार हातात पिळतो.

बिटचं टोक भांडं ज्या मध्यरेषेभोवती फिरतं, तिच्या 1-2 मिलिमीटर वर ठेवा. बार दबला तर टोक खाली, लाकडापासून दूर जातं. मध्यरेषेखाली असेल तर दबताच आत घुसतं आणि भांडं फुटतं.

(दृश्य: उभा काप दाखवणारं अर्धं भांडं.)

आता भिंत. इथे खरी शिस्त कामाच्या क्रमाची आहे. बाहेरचा आकार आधी पूर्ण करा, पण बुडाशी जाड लाकूड राहू द्या. मधोमध 25 मिलिमीटरचं भोक पाडा, तळाच्या 12 मिलिमीटर अलीकडे थांबा. मग तोंडापासून 30 मिलिमीटरचा एक टप्पा घ्या, मधून बाहेर कापत जा, आणि तो टप्पा शेवटच्या जाडीपर्यंत पुरा करूनच खाली उतरा. खालचं भरीव लाकूड तोवर वरच्या भिंतीला धरून असतं. पुरा झालेल्या टप्प्यावर परत जाऊ नका. तेव्हा आधार उरलेला नसतो.

तरी शिट्टी आलीच, तर लेथचे मिनिटाचे फेरे 50-100 ने कमी किंवा जास्त करून पाहा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बाहेरून ताणून गुंडाळली तरी गुंजणं बरंच दबतं. पट्टीचं टोक मात्र आत खोचून पक्कं करा. उडालेली पट्टी तोंडावर बसते, म्हणून फेस शील्ड हवीच. उंच भांड्याला बाहेरून आधार देणारी तीन चाकांची चौकट, म्हणजे स्टेडी, लावा. चाकं नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. दाबली की लाकूड तापून काळी रेघ पडते.

तिसरा आवाज टक-टक असा येतो. म्हणजे भांडं लंबगोल झालंय किंवा लेथवर भांडं धरून ठेवणाऱ्या चकातली पकड सैल आहे. सांगलीच्या वैशाखात ओलं लाकूड जेवणाच्या सुट्टीतही वाकतं. सुट्टीला जाताना ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

ढलप्या साठल्या की बार अडकतो. दर थोड्या वेळाने लेथ बंद करून त्या उपसा, चालू लेथमध्ये हात घालू नका.

तळाशी पोचल्यावर टोक पुन्हा बरोबर मध्यरेषेवर आणा. नाहीतर मधोमध बोंडासारखा उंचवटा राहतो.