कानाच्या पाळीखालची गाठ

(दृश्य: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. कान-नाक-घसा विभागाबाहेरची रांग.)

निवेदन:

केसपेपर काढून माणसं नंबरची वाट बघत बसली आहेत. कुणाचा कान वाहतोय, कुणाचा आवाज बसलाय. अशा रांगेत अधूनमधून कुणीतरी कानाच्या पाळीखाली बोट ठेवून सांगतं, "इथं गाठ आहे, पण दुखत नाही काही." दुखत नाही म्हणूनच कित्येकांनी ती वर्षानुवर्षं अंगावर काढलेली असते.

ही गाठ बहुतेक वेळा लाळग्रंथीची असते. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू आणि घशाच्या अस्तरात ६०० ते १००० बारीक ग्रंथी विखुरलेल्या. डोकं आणि मानेच्या सगळ्या गाठींमध्ये लाळग्रंथीच्या गाठी थोड्याच. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाला त्यांचा अभ्यास करायचा तर अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात.

त्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दहातल्या सात-आठ गाठी कानापुढच्या ग्रंथीत, आणि त्यातल्या बहुतेक साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र जवळपास निम्म्या कर्करोगाच्या निघतात. टाळूवर किंवा जिभेखाली गाठ आली, तर कर्करोगाची शक्यता त्याहूनही जास्त. म्हणजे ग्रंथी जितकी लहान, तितका संशय मोठा. टाळूवरचा एवढासा फुगवटा दाढेचा असेल म्हणून सोडून देऊ नये, तो यासाठी.

खारघरच्या टाटा केंद्रासारख्या ठिकाणी कर्करोगाचं प्रमाण जास्तच दिसणार, कारण संशय आला की रुग्ण तिकडे पाठवले जातात. दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवताना कोण कुठून आलं, हे आधी विचारायला हवं.

(दृश्य: सुईची तपासणी. बारीक सुई, काचेची पट्टी.)

सुई आत जाते, गाठीतला थोडा ऐवज घेऊन बाहेर येते आणि तो पट्टीवर पसरला जातो. सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा, ही साधी गाठ. जिएम्सा नावाच्या तपासणीच्या रंगात तिचा तंतुमय भाग झगझगीत किरमिजी दिसतो, कडा विस्कटलेल्या, आणि त्यात पेशी रुतून बसलेल्या. सुईतून कधी मशीनच्या ऑइलसारखा मळकट द्रव येतो. तेव्हा पॅथॉलॉजिस्टच्या मनात वॉर्थिन ट्यूमर ही दुसरी साधी गाठ येते. ही गाठ सिगारेट-विडी ओढणाऱ्या वयस्क माणसांत जास्त, आणि काही वेळा दोन्ही बाजूंना.

"मी तर तंबाखूला हात लावत नाही, मग मला कशी?" हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. तोंडाच्या कर्करोगाचं तंबाखूशी जसं नातं आहे, तसं लाळग्रंथीच्या बहुतेक गाठींचं नाही. किरणोत्सर्ग हे सिद्ध झालेलं कारण; हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत या गाठी वाढलेल्या आढळल्या. बाकी बहुतेकांच्या बाबतीत कारण हाती लागत नाही, आणि रुग्णानं स्वतःला दोष देण्याचं तर काहीच कारण नाही.

(दृश्य: तपासणीची खोली.)

"मावशी, कपाळाला आठ्या घाला. आता डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा."

डॉक्टर चेहऱ्याची नस, म्हणजे चेहरा हलवणारा मज्जातंतू, तपासत आहेत. ही नस कानापुढच्या ग्रंथीतूनच जाते आणि तिथंच तिच्या फांद्या फुटतात. ऑपरेशनचा सगळा कस इथं लागतो. सर्जन आधी नस शोधतो, तिच्या एकेका फांदीवरून ग्रंथी अलगद उचलत जातो, आणि गाठ भोवतालच्या ग्रंथीच्या थरासकट काढतो. नुसती गाठ कोरून काढली तर आवरणाबाहेर राहिलेले अंश पुढे वाढतात. मग काही वर्षांनी त्याच जागी साबुदाण्यासारख्या दाण्यादाण्यांच्या गाठी उठतात, आणि तेव्हा नस वाचवणं फार अवघड होऊन बसतं. म्हणून पहिलंच ऑपरेशन नीट होणं फार मोलाचं आहे. प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाची साधी गाठही तशीच ठेवली, तर तिच्यात कर्करोग होण्याचा धोका वर्षांगणिक वाढत जातो.

गाठ अचानक भराभर वाढू लागली, दुखू लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा मानेतही गाठी लागल्या, तर एक दिवसही थांबू नका.

लाळग्रंथीच्या कर्करोगांत म्यूकोएपिडरमॉइड नावाचा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. चिवट मात्र ॲडिनॉइड सिस्टिक. तो नसांच्या कडेकडेनं सरकतो आणि ऑपरेशननंतर दहा वर्षांनीही फुप्फुसात उगवू शकतो. त्यामुळे पाच वर्षं झाली, आता सुटलो, असं या रुग्णांना म्हणता येत नाही. घणसोलीहून घर पनवेलला हललं, रुग्णालय बदललं, तरी जुना रिपोर्ट, स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घेऊन नव्या डॉक्टरांकडे द्यायचे, आणि छातीची तपासणी त्यांनी सांगितलेल्या तारखेला करत राहायची.