पावणेतीन किलोंचा कॅमेरा आणि दहा फ्रेम

नमस्कार. टेबलावर ठेवलेला हा ठोकळा म्हणजे मामिया आरबी ६७, फिल्मवर चालणारा कॅमेरा. मूळ मॉडेल १९७० चं, आणि समोर आहे ती १९७४ साली आलेली सुधारित प्रो-एस आवृत्ती. ९० मिमीची लेन्स, वरून डोकावून बघायचा फाइंडर आणि फिल्म बॅक, म्हणजे फिल्म ठेवायची मागची पेटी, धरून वजन साधारण २.७ किलो. आजचा विषय ‘जड कॅमेरा कसा वापरावा’ असा ठेवला आहे खरा, पण वजनाचा प्रश्न बराचसा ट्रायपॉडवर सुटतो. अडचण आहे ती क्रमाची. यात बॅटरी नाही, प्रकाश मोजणारा मीटर नाही. शटर लेन्समध्ये, आरसा बॉडीत, फिल्म मागच्या बॅकमध्ये, आणि या तिघांना जोडणारे दुवे मोजकेच. मधली एखादी पायरी गाळली की फ्रेम कोरी जाते. ‘हा कॅमेरा माणसाला संथ करतो’ असं फार कौतुकाने म्हटलं जातं. संथपणाचं एवढं काही नाही. चुकीच्या क्रमाने सावकाश काम केलं तरी फ्रेम जातेच.

मग एवढा खटाटोप कशासाठी? निगेटिव्हच्या आकारासाठी. ६×७ म्हणतात, पण प्रत्यक्ष फ्रेम साधारण ५६×६९.५ मिमीची. ३५ मिमी फिल्मची फ्रेम २४×३६. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर साडेचार पट. तेवढाच मोठा प्रिंट काढताना निगेटिव्ह कमी ताणावी लागते, त्यामुळे ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, बारीक दिसतो आणि राखाडी छटा सलग उतरतात. शिवाय ही फ्रेम ८×१० इंची कागदावर जवळजवळ पूर्ण बसते. किंमत मोजायची ती एवढीच, की १२० च्या (कागदाची पाठ असलेल्या रुंद फिल्मच्या) एका रोलवर फक्त दहा फ्रेम मिळतात.

आता आत काय चालतं ते बघू. बॉडीच्या उजव्या अंगाला हा मोठा लिव्हर आहे. तो पूर्ण खाली दाबला की आरसा खाली येतो आणि लेन्समधलं शटर चढतं. या वेळी शटरच्या पात्या उघड्याच असतात, नाहीतर फाइंडरमध्ये काही दिसणारच नाही. बटण दाबलं की आधी पात्या मिटतात, छिद्र ठरवलेल्या आकड्यापर्यंत लहान होतं, आरसा वर जातो, मग पात्या ठरलेल्या वेळेपुरत्या उघडून पुन्हा मिटतात. आरसा मात्र वरच राहतो. फाइंडर काळाकुट्ट होतो आणि नवखा माणूस कॅमेरा बिघडला म्हणून घाबरतो. बिघडलेलं काही नसतं, लिव्हर दाबायचा राहिलेला असतो.

या लिव्हरने फिल्म पुढे सरकत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. फिल्मचा लिव्हर वेगळा, बॅकवर. प्रो-एसमध्ये बॉडी आणि बॅक यांच्यात अडसर आहे: फिल्म सरकवली नसेल किंवा डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मसमोर सरकवायची प्रकाश अडवणारी पट्टी, आत असेल तर बटण दबत नाही. १९७० च्या मूळ मॉडेलमध्ये दोनदा एक्सपोज होण्याविरुद्धचा अडसर नाही. तिथे एकाच फ्रेमवर दोन चित्रं सहज पडतात. तेव्हा सवय एकच लावून घ्या. एक्सपोजर झालं की लगेच फिल्म सरकवायची आणि लगेच बॉडीचा लिव्हर दाबायचा. ‘नंतर करू’ म्हटलं की पुढच्या चित्राच्या वेळी काय केलं होतं ते आठवत बसावं लागतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. बॅकमधल्या रोलरवरून फिल्म वळून जाते. वळलेल्या जागी ती बराच वेळ बसून राहिली तर तिला बाक येतो, आणि तोच भाग पुढच्या फ्रेममध्ये आला की तिथे फोकस थोडा सुटतो. काटेकोर काम करणारे म्हणून चित्र घेण्याच्या अगदी आधी फिल्म सरकवतात. एफ/११ किंवा एफ/१६ ला, म्हणजे छिद्र बारीक असताना (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), हा फरक सहसा दिसत नाही. छिद्र पूर्ण उघडं ठेवून काम करणार असाल, आणि दोन चित्रांमध्ये तास-तास जाणार असतील, तरच हा मार्ग घ्या.

आरशाबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. एवढा मोठा आरसा वर आपटला की कॅमेरा हादरतो, ट्रायपॉडवर असला तरी. १/३० ते १/२ सेकंद या पट्ट्यात हा हादरा जास्त दिसतो. कित्येक सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये तो एकूण वेळेचा इतका लहान भाग असतो की जाणवत नाही. उपाय लेन्सवरच आहे. केबल रिलीजच्या भोकाभोवती फिरणारी कडी दिसते, तिच्यावर एन आणि एम अशी अक्षरं आहेत. केबल लावा, कडी एमवर न्या, बॉडीचं बटण दाबा. फक्त आरसा वर जाईल. तीन-चार सेकंद थांबा, मग केबल दाबा. आता फक्त पात्या हलतील, आणि त्यांचा हादरा नगण्य असतो.

आणि याच कडीमुळे सगळ्यात जास्त फ्रेम वाया जातात. काम संपल्यावर ती परत एनवर आणायची राहते. पुढच्या वेळी बटण दाबलं की आरसा धाडकन वर जातो, आवाज नेहमीसारखाच येतो, पण शटर उघडलेलंच नसतं. आरशाच्या धप्प आवाजापाठोपाठ पात्यांची बारीक टिकटिक आली की नाही, हे कानाने ओळखायला शिका. रोल घालण्यापूर्वी रिकाम्या कॅमेऱ्यावर पंचवीस-तीस वेळा ऐकलं की पुरतं.

लेन्स बदलताना नियम एकच: बॉडी चढवलेली हवी आणि लेन्सही चढवलेली हवी. लेन्सच्या मागच्या पिना उतरलेल्या असतील तर ती नीट बसत नाही, आणि जोर लावला तर पिना वाकतात. लेन्स अडकवायची कडी फिरत नसेल तर आधी लिव्हर दाबला आहे का ते पाहा. जोर हा इथे कुठल्याच प्रश्नावरचा उपाय नाही. फिल्म भरलेली असेल तर लेन्स काढण्यापूर्वी डार्क स्लाइड आत सरकवायची सवयही चांगली.

रोल भरायचा तो सावलीत. आतला सांगाडा बाहेर काढा, रिकामा स्पूल गुंडाळायच्या बाजूला, भरलेला दुसऱ्या बाजूला. कागदाची काळी बाजू बाहेर, म्हणजे लेन्सकडे, आली पाहिजे. उलटं भरलं तर अख्खा रोल कागदाच्या पाठीवर एक्सपोज होतो आणि धुतल्यावर हाती काही लागत नाही. कागदाचं टोक रिकाम्या स्पूलच्या फटीत सरळ बसवा, वाकडं बसलं तर पुढे कागद कडेला चढत जातो. भरलेल्या रोलवर अंगठ्याचा हलका दाब ठेवूनच कागद ओढा. ढिला गुंडाळलेला रोल जाडजूड होतो आणि बाहेर काढताना त्याच्या कडांतून प्रकाश शिरतो. कागदावरचा बाण सुरुवातीच्या खुणेशी जुळला की बंद करा, आणि लिव्हर अडेपर्यंत, म्हणजे १ आकडा येईपर्यंत सरकवा.

फोकस भात्याने होतो. लोहाराच्या भात्यासारखाच हा, फक्त हवेऐवजी लेन्स पुढेमागे करणारा. पूर्ण ताणला की लेन्स ४६ मिमी पुढे येते, त्यामुळे वेगळी मॅक्रो लेन्स नसतानाही खूप जवळ जाता येतं. पण लेन्स पुढे आली की फिल्मवर प्रकाश कमी पोचतो, आणि हातातल्या मीटरला ते कळत नाही. हिशेब सोपा आहे: नाभीय अंतर (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा) अधिक ताण, भागिले नाभीय अंतर, आणि आलेल्या आकड्याचा वर्ग. ९० मिमीच्या लेन्सला पूर्ण ताणावर १३६ भागिले ९०, त्याचा वर्ग सुमारे २.३, म्हणजे सव्वा स्टॉप जास्त द्यायचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). १८० मिमीला तेवढ्याच ताणावर पाऊण स्टॉपहून थोडा कमी. बॉडीच्या कडेला याची पट्टी छापलेली आहे. ती न वाचल्यामुळे जवळून घेतलेली चित्रं कायम काळपट येतात.

फोकसच्या खोलीचा, म्हणजे पुढेमागे किती अंतर स्पष्ट येतं त्याचा, प्रश्नही इथे तीव्र आहे. ९० मिमीची लेन्स ३५ मिमी फिल्मवरच्या साधारण ४५ मिमीएवढं दृश्य दाखवते, पण तिची खोली ९० चीच. १२७ मिमीच्या लेन्सने दीड मीटरवरून चेहरा घेतला, छिद्र एफ/३.८, तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम ५ सेंमी. बसलेला माणूस श्वास घेताना एवढा हलतोच. एफ/८ ला तो १० सेंमीच्या आसपास जातो. माणसांच्या चित्रांसाठी तिथून सुरुवात करा. फोकस डोळ्यावर, फाइंडरमधलं भिंग उघडून, आणि मग डाव्या बाजूची फोकसची कळ घट्ट करा, कारण कॅमेरा खाली झुकवला की जड लेन्स स्वतःच्या वजनाने सरकते.

वरच्या फाइंडरमध्ये चित्र सरळ दिसतं पण डावं-उजवं उलटं. क्षितिज तिरकं दिसलं की हात हमखास चुकीच्या बाजूला जातो. पाणसळीची बारकी नळी लावणं हा त्यावर सोपा उपाय. आणि कॅमेरा पोटाशी धरल्यावर चेहरा खालून दिसतो हेही विसरू नका. उभ्या माणसाचं चित्र असेल तर ट्रायपॉड उंच करा.

ट्रायपॉडचं डोकं निवडताना कॅमेऱ्याच्या वजनाच्या दुप्पट भार पेलणारं घ्या. मधला दांडा वर काढू नका आणि एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा. उभी-आडवी फ्रेम करायला कॅमेरा आडवा करायची गरज नाही. बॅक ९० अंशांत फिरते, खट् आवाज येईपर्यंत फिरवा. आरबी या नावातल्या अक्षरांचा अर्थही फिरणारी बॅक हाच. हातात धरून काम करायचंच असेल तर १/२५० च्या खाली जाऊ नये, असं माझं मत.

शटरची कमाल गती १/४००. भर उन्हात ४०० आयएसओची (प्रकाशाला जास्त संवेदनशील) फिल्म घातली तर १/४०० ला एफ/१६ लागतं. एफ/४ हवं असेल तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी राखाडी काच, लावा, किंवा १०० ची फिल्म घालून दोन स्टॉपचा. याच्या उलट अंधारात टी सेटिंग आहे, त्यात शटर आपण बंद करेपर्यंत उघडं राहतं. ते संपवायला गतीची कडी टीवरून १ वर फिरवावी लागते, आणि तेवढ्यात कॅमेरा हलतो. म्हणून आधी लेन्ससमोर काळं पुठ्ठं धरा, मग कडी फिरवा. वेळही वाढवून द्यावी लागते: इल्फोर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मला मीटरने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे २० द्यायचे, एफपी४ प्लसला १८.

पेंटॅक्स ६७ या ६×७ च्याच दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. तो मोठ्या ३५ मिमी कॅमेऱ्यासारखा हातात बसतो, गती १/१००० पर्यंत जाते, पण शटर बॉडीत पडद्याचं असल्यामुळे फ्लॅशची गती फक्त १/३०. आरबीला सगळ्या गतींवर फ्लॅश चालतो. उन्हात फ्लॅश वापरणाऱ्याला हा फरक निर्णायक ठरावा. पेंटॅक्सला बॅटरी लागते, आणि मीटरचा प्रिझम (वर बसवायचा, आत मीटर असलेला फाइंडर) असेल तर तो लेन्सच्या आधी बसवायचा. उलट केलं तर आतली जोडणीची साखळी तुटू शकते. तिथेही क्रमच.

शेवटी जुन्या कॅमेऱ्यात हमखास येणारा दोष, प्रकाशाची गळती. धुतलेली निगेटिव्ह टेबलावर ठेवा आणि धूसर डाग कुठे संपतो ते बघा. डाग चौकटीबाहेर, फिल्मच्या कडेपर्यंत गेला असेल तर गळती बॅकमध्ये आहे: बहुतेक वेळा फोमच्या पट्ट्या चिकट होऊन झडलेल्या असतात, त्या खरवडून नव्या लावायच्या. डाग चौकटीच्या रेषेवर नेमका थांबला असेल तर प्रकाश पुढून, लेन्स किंवा भात्याकडून आला. लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण ताणून आत छोटा टॉर्च धरा आणि घड्यांचे कोपरे बाहेरून तपासा. भोक सापडेल ते बहुधा कोपऱ्यातच. तोपर्यंत काम अडलं असेल तर एक्सपोजरनंतर लगेच लिव्हर दाबून आरसा खाली आणा; आरसा वर असतो तेवढाच वेळ त्या भोकातला प्रकाश फिल्मपर्यंत पोचतो.