गवतावर गाडी लावण्याआधी वाफसा बघा

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीतल्या एका गल्लीत उभा आहे. जरा माझ्या पायाशी बघा. डांबर इथं संपतं आणि गटारापर्यंत ही चार-पाच फुटांची मातीची पट्टी आहे. मे महिन्यापर्यंत इथं दाट हरळी होती. आता ह्या दोन चाकोऱ्या उरल्यात, घोटाभर खोल. तीन दिवस पाऊस उघडलाय, तरी चाकोरीतलं पाणी हललेलं नाही.

हा तांब्या घेतलाय. आधी इकडे ओततो, जिथं चाक गेलेलं नाही. बघा, बुडबुडे आले आणि पाणी मुरलं. आता चाकोरीच्या ह्या कोरड्या टोकाला ओततो. पसरलं, आणि थांबलं. दोन्ही ठिकाणी माती एकच आहे, मध्ये अंतर हातभर.

असं का होतं, हे आपल्या शेतकऱ्याला विचारा. खानापूरकडं भाताचं रोप लावायच्या आधी चिखलणी करतात. कशासाठी? पाणी खाली जाऊ नये म्हणून. ओली माती तुडवली की तिच्यातली भोकं मोडतात, कण एकमेकांवर बसतात आणि पाणी वर तुंबून राहतं. भाताला तेच हवं असतं. आपण गल्लीत गाडीच्या चाकांनी तीच चिखलणी करतोय, आणि तीही हरळीच्या आणि गुलमोहराच्या मुळांवर.

चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते. त्या पोकळीत हवा असते, पाणी असतं, मुळं त्यातूनच वाट काढतात. माणूस दोन पायांवर नुसता उभा राहिला तर एका चौरस सेंटीमीटरवर साधारण 200 ग्रॅम भार येतो. कारच्या टायरखाली तोच भार 2 किलोच्या वर जातो, म्हणजे दहापट. कोरडी माती तो बराचसा सोसते. ओली नाही सोसत. आणि सगळ्यात जास्त माती दबते ती पहिल्याच चाकाखाली. म्हणून 'आजच्या दिवस लावतो' हे मला पटत नाही. जे व्हायचं ते त्या एका दिवसातच होतं.

शेजारचे काका मला म्हणाले, "गवतच की हे, काय होतंय त्याला? परत येतंय." काकांचं अर्धं बरोबर आहे. हरळी चिवट आहे, जमिनीवरून धावते, जमिनीखालूनही धावते. पण दबलेल्या मातीत तिलाही मूळ धरता येत नाही. त्यात आपल्या शहराच्या पूर्वेकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, थोडी आपोआप मोकळी होते. पश्चिमेकडच्या तांबड्या मातीचं तसं नाही. ती एकदा दबून वाळली की स्क्रूड्रायव्हर बोटाच्या पेराएवढाही आत जात नाही. घरी करून बघा.

मला जास्त काळजी झाडांची आहे. झाडाची श्वास घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि बुंध्यापासून पार लांब, फांद्यांच्या टोकापलीकडंही पसरलेली. गाडी बुंध्याला लागली नाही म्हणजे झाड वाचलं असं होत नाही. ती मुळं गुदमरून मेली की शेंड्याकडून फांद्या वाळतात. ते दिसायला काही वर्षं जातात, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

चाकोरीत मुरूम टाकू नका. आमच्या दारात आम्ही तेच केलं होतं. एका पावसात निम्मा मुरूम गटारात गेला, गटार तुंबलं, राहिलेला दगडासारखा बसला. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणं तर त्याहून वाईट. दिल्लीत झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला 2013 साली द्यावा लागला होता.

मग करायचं काय? वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर राहील पण चिकटणार नाही इतकी सुकू द्या. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटानं टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर अजून ओल आहे. वाफशावर पहारीनं वीतभर अंतरानं भोकं पाडा, त्यात कुजलेलं शेणखत भरा. झाडाजवळ खणू मात्र नका. वर हरळीचे बोटभर तुकडे अर्धे पुरून टाका. पावसाळा असेल तर पाणीसुद्धा घालावं लागत नाही. मात्र हरळी मूळ धरेपर्यंत तिथं चाक येता कामा नये, दुचाकीचंसुद्धा. रस्त्याकडेला दगड मांडू नका, रात्री दुचाकीवाला धडकेल. दोन बांबू आणि सुतळी पुरे.

ज्यांच्याकडं दुसरी जागाच नाही त्यांनी जाळीचे ब्लॉक बसवावेत, ज्यांच्या भोकांतून गवत येतं. खर्च होतो, पण भार ब्लॉकवर जातो.

येत्या चतुर्थीला पुण्याहून, कोल्हापूरहून गाड्या येणार. नेमकी तेव्हाच माती भिजलेली असते, आणि एकवीस दूर्वा खुडायलाही आपण ह्याच पट्टीवर वाकतो. आमच्या गल्लीत ठरलंय: पाव्हणे आणि डबे दारात उतरवायचे, गाडी कोपऱ्यावरच्या पक्क्या जागेत लावायची. गाडी लावणाऱ्याला तिथून दारापर्यंत पावसात आणायला छत्री घेऊन गल्लीतली पोरं थांबणार आहेत.