कार वॅक्स: कोणतं घ्यायचं, कधी लावायचं आणि फडकं आधी का बदलायचं

नमस्कार मंडळी! आज रात्री पार्किंगमध्ये जा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि गाडीच्या बॉनेटवर तिरका धरा. प्रकाशाभोवती गोल गोल बारीक ओरखडे दिसतील. काळी किंवा गडद निळी गाडी असेल तर जास्तच. पांढऱ्या गाडीवाल्यांनो, हसू नका, तुमच्याकडेही आहेत, फक्त लपलेत.

हे ओरखडे वॅक्सने जात नाहीत. काही वॅक्समधलं तेल ते थोडे दिवस झाकतं, मग दोन-तीनदा गाडी धुतली की परत हजर. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण निम्मे लोक याच आशेने डबी विकत घेतात.

मग वॅक्सचा उपयोग काय? पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग आणि त्याच्याही वर पारदर्शक क्लिअर कोट. चमकतो तो हा क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मी. ऊन, धूळ, कबुतरांचा प्रसाद, सगळं तो झेलतो. वॅक्स म्हणजे त्याच्यावर चढवलेला आणखी पातळ थर. तो झिजतो, उडतो, आपण परत लावतो. त्याने झिजायचं म्हणजे खालचा वाचतो, एवढाच हिशेब.

आता सर्व्हिसिंगच्या वेळी काय होतं? "साहेब, पॉलिश करून देऊ?" पॉलिशमध्ये घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा वरचा थर खरवडतात, म्हणून ओरखडे जातात आणि गाडी नवी दिसते. पण खरवडलेलं परत येत नाही. रबिंग, म्हणजे जाड कणांच्या पेस्टने घासणं, तर त्याहून जहाल. गरज पडली तर जरूर करा, पण दर सर्व्हिसिंगला? माझं मत विचाराल तर साफ नको. वॅक्समध्ये घासणारे कण नसतात. डबीवर 'क्लीनर वॅक्स' लिहिलेलं असेल तर मात्र थोडे असतात, हे बघून घ्या.

कोणतं वॅक्स घ्यायचं? दुकानात सगळ्यात जास्त नाव ऐकाल कार्नुबाचं. ब्राझीलच्या ईशान्य भागात ही पामची जात वाढते. तिच्या पानांवर मेणाचा थर असतो, पानं वाळवून तो झटकून काढतात. हे मेण 80 अंशांच्या वर वितळतं, म्हणजे बऱ्यापैकी कडक असतं. इतकं कडक, की नुसतं घेऊन गाडीवर पसरताच येणार नाही. म्हणून त्यात तेलं, सॉल्व्हंट आणि दुसरी मेणं मिसळतात. डबीवर '100 टक्के कार्नुबा' वाचलंत तर त्याचा अर्थ डबीभर कार्नुबा असा घेऊ नका.

कार्नुबाची चमक खोल आणि ओलसर दिसते, गडद रंगावर तर फारच छान. पण टिकतं काही आठवडे, फार तर दोन महिने. ज्यांची गाडी बेसमेंटमध्ये असते आणि रविवारी सकाळी गाडीपाशी रमायला आवडतं, त्यांनी खुशाल घ्या.

गाडी उघड्यावर असेल, म्हणजे नागपूरचं मे महिन्याचं ऊन किंवा रत्नागिरीचा पाऊस, तर सिंथेटिक सीलंट घ्या. हे पॉलिमरचं असतं आणि नीट लावलं तर कार्नुबापेक्षा कितीतरी जास्त, काही महिने टिकतं. चमक जरा काचेसारखी असते, पण आपल्याला संरक्षण हवंय. स्प्रे वॅक्स मधल्या काळात डागडुजीला ठीक. सिरॅमिक कोटिंगचा विषय मोठा आहे, तो वेगळा करू. आणि 'टेफ्लॉन कोटिंग'? तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांच्या पुढे तापवावं लागतं. तेवढ्यात गाडीचा रंग शिल्लक राहील का, तुम्हीच सांगा.

आता खरी गोष्ट, फडकं. सोसायटीत सकाळी एक दादा येतात. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. धुळीवरून तेच फडकं फिरतं आणि टॉर्चमध्ये दिसलेले ओरखडे तिथून येतात. वॅक्सही तिथेच घासून जातं. दादांना दोष देऊ नका, इतक्या गाड्यांचं काम तेवढ्या वेळात तसंच होणार. आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर, म्हणजे बारीक धाग्यांची मऊ फडकी, त्यांना आपणच द्यायची आणि सांगायचं, "दादा, काचा रोज पुसा. बॉडी धूळ बसली असेल तर पाणी मारूनच." आणि ते डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवणं बंद. चमकतं खरं, पण त्या तेलकटपणावर धूळ चिकटते आणि काचांची रबरं खराब होतात.

चला, लावायला घेऊ. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. कार शाम्पूने धुवा. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत कपडा खळखळून काढायला साधं पाणी. पूर्ण कोरडी करा. मग बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हात फिरवा. खरखर लागली तर धुण्याने न गेलेली घाण आहे. तिला क्ले बार, म्हणजे घाण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा लागतो, तोही भरपूर ओला ठेवून. खरखर नसेल तर क्ले विसरा.

स्पंजच्या पॅडवर वॅक्स अगदी थोडं घ्या. एका वेळी एकच भाग: बॉनेट, मग फेंडर, मग दरवाजा. थर इतका पातळ, की लावलंय की नाही अशी शंका यावी. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसताना खांदे मात्र भरून येतात. 200 ग्रॅमची डबी एका गाडीला वर्षानुवर्षं पुरते.

धुरकट झालं की एका बोटाने रेघ ओढा. खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसा, लिबलिबलं तर थांबा. मुंबईच्या दमट हवेत जास्त थांबावं लागतं. दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा, फडकं उलटत राहा. आणि हो, एसयूव्हीच्या खालच्या काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागू देऊ नका. तिथे पांढरे डाग बसतात आणि ते काढणं म्हणजे वैताग. आधीच मास्किंग टेप लावा. मॅट रंगाच्या गाडीला वॅक्स नकोच. गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या भागालाही लगेच नको, किती दिवस थांबायचं ते रंगवणाऱ्याला विचारा.

एक गैरसमज. वॅक्स आहे म्हणून पक्ष्याची घाण तशीच ठेवायची नाही. उन्हात क्लिअर कोट मऊ पडतो आणि ती आम्लयुक्त घाण त्यात रुतते. वॅक्स तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतं, इतकंच. ओला कपडा वर ठेवून भिजू द्या, मग उचला, घासू नका. बोअरच्या पाण्याचंही तसंच. वॅक्सवर थेंब गोल उभे राहतात, फोटो झकास येतो, पण ते तिथेच वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून धुतली की लगेच कोरडी करा.

कधी लावायचं? मेच्या शेवटी एकदा, पावसाच्या तोंडावर. मग दसऱ्याच्या आधी. दसऱ्याला आपण बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतो, वॅक्स असेल तर ते सहज निघतं. संध्याकाळी ओल्या कपड्याने पुसून टाका. हळदीची पिवळी झाक राहिलीच तर उन्हात फिकी पडते. झेंडूचा हार दोन दिवसांत काढा, कुजलेल्या फुलांचा डाग हट्टी असतो. आणि हार बांधताना बघा, आत दोरा आहे की तार.