मामींचं तिकीट आणि मामांचे पॉइंट

नमस्कार श्रोतेहो. मागच्या वेळी घरखर्चाच्या वहीबद्दल बोलले, तेव्हा एका ताईंनी विचारलं होतं, "क्रेडिट कार्डावर खरेदी केली की विमानाचं तिकीट फुकटात मिळतं म्हणे. मग कुठलं कार्ड घ्यावं?" आज त्यावरच बोलायचंय. पण आधी आमच्या मामांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकायची नाही.

मामा पुण्याचे, निवृत्त, आणि हिशेबाला एकदम चोख. लेकीचं लग्न ठरलं, जावई दिल्लीत नोकरीला. त्याच सुमारास मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या एका पोराने मामांच्या गळ्यात विमानाचे पॉइंट देणारं कार्ड मारलं, म्हणजे खरेदी करत जायची, पॉइंट जमत जातात, आणि पुरेसे जमले की त्यांवर तिकीट घ्यायचं. मामांनी तिथल्या तिथे ठरवलं, की लग्नाचा सगळा खर्च या कार्डावर करायचा, आणि वर्षभरात मामींना घेऊन लेकीकडे विमानाने जायचं. दोघांचाही तो पहिला विमानप्रवास.

मग काय विचारता! लक्ष्मी रोडला आई साड्या घ्यायला गेली, तर मागून मामांचा आवाज, "ताई, थांब! पैसे मी भरतो, तू मला रोख दे." काकांचा मिक्सर मामांच्या कार्डावर. शेजाऱ्यांचा गीझर मामांच्या कार्डावर. मंगल कार्यालयवाला म्हणाला, कार्डावर दोन टक्के जादा पडतील. मामा म्हणाले, "पडू देत." ज्या माणसाने आयुष्यभर कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस केली, तो दीड लाखावर तीन हजार जादा देऊन हसत बाहेर आला! वहीत नवा रकाना आखला होता, वर लाल शाईत लिहिलेलं: पॉइंट.

लग्न छान झालं. जिलबी-मठ्ठ्याच्या पंगतीशेजारी नूडल्सचा काउंटर कशाला हवा, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. पंगतीत बसलेला माणूस अर्ध्यातून उठून नूडल्सच्या रांगेत जातो, हे काही मला बघवत नाही. असो.

पुढच्या महिन्यात बिल आलं, एक लाख नव्वद हजारांचं. आता नातेवाइकांनी रोख द्यायची होती ना? आईने दिली, शेजाऱ्यांनी दिली. बाकीचे म्हणाले, "देतो हो, पळून जातोय का?" मामा भिडस्त, मागणार कसे? बिलाच्या खाली बारीक अक्षरात एक रक्कम होती, किमान देय, साडेनऊ हजारांच्या आसपास. मामांना वाटलं, बँक किती समजूतदार! तेवढे भरले आणि निवांत झाले.

आता कान देऊन ऐका. उरलेल्या एक लाख ऐंशी हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ६,३०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,१३४ रुपये. एका महिन्यात ७,४३४ रुपये गेले. आणि पुणे-दिल्ली तिकीट त्या दिवशी रोखीने होतं ५,८०० ला! वर, बाकी थकलेली असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. घरात आणलेल्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज.

म्हणून पॉइंट वगैरे सगळं नंतर. पूर्ण बिल, वेळेवर. परत सांगते, पूर्ण बिल, वेळेवर. ज्यांना हे जमत नाही त्यांनी पॉइंटांच्या वाटेला जाऊ नये, आणि तसं सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांना जमतं, त्यांनी आधी आपल्या विमानतळावरून कोण उडतं ते बघावं. आपल्या देशात दहातले सहाहून जास्त प्रवासी इंडिगोने जातात, त्यामुळे लहान शहरातल्या माणसाला बऱ्याचदा पर्याय तोच. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, म्हणून तिचे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स किंवा लुफ्तान्झाच्या विमानातही वापरता येतात. मुलगा जर्मनीत असेल तर हे कामाचं. वर्षातून एकदा गोव्याला जाणाऱ्याला काय करायचंय?

मग कार्ड. एक असतं विमान कंपनीच्या नावाचं, त्यातले पॉइंट त्या कंपनीकडेच जातात. दुसरं बँकेचं, त्यातले पॉइंट बँकेकडे राहतात आणि तुम्ही हवे तेव्हा हव्या त्या कंपनीकडे वळवता. मी दुसऱ्या बाजूची. का? १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं आणि कंपनीची उड्डाणं थांबली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. पाकिटात कार्ड तसंच, पण त्यावर छापलेल्या नावाचं विमान आकाशात नाही! सगळी अंडी एका टोपलीत कशाला?

आणि वार्षिक फी बघा. तीन हजार म्हणाले, तर जीएसटी धरून ३,५४० होतात. पेट्रोल, घरभाडं, मोबाइल वॉलेटमध्ये भरलेले पैसे, यांवर बऱ्याच कार्डांना पॉइंटच नसतात. एका पॉइंटची किंमत काढायची रीत सोपी आहे. तिकीट रोखीने ६,२०० ला आहे. पॉइंटवर घेतलं तर ८,५०० पॉइंट लागतात आणि कर म्हणून १,१०० रुपये खिशातून जातात. म्हणजे ५,१०० रुपये वाचले, ८,५०० पॉइंटांत. एक पॉइंट साठ पैशांचा. हो, कर भरावाच लागतो, फुकट तिकीट साफ फुकट नसतं.

कार्ड नकोसं झालं तर बंद करा. पूर्ण बाकी भरलेली असेल, तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेने दिवसाला पाचशे रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

हं, तर मामा. वर्षभराने पॉइंट मोजले, तर भरले एकाच तिकिटापुरते. दुसरं विकत घ्यायचं म्हटलं तर व्याजाची जखम ताजी. मामांनी मामींचं विमानाचं तिकीट काढलं आणि स्वतःचं झेलम एक्स्प्रेसचं. ते आदल्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून निघाले. मामी दुसऱ्या दिवशी सकाळी घरून चहा घेऊन निघाल्या आणि बाराच्या सुमारास दिल्लीत उतरल्या. उतरल्या उतरल्या फोन. "अहो, कुठवर आलात?"

"बीना गेलं. आता झाशी."

"बरं. मग मी जेवून घेते."

मामा रात्री नऊला लेकीच्या दारात पोचले. मामींनी पर्समधून कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. विमानात मिळालेलं सँडविच, अर्धं त्यांनी खाल्लेलं, अर्धं मामांसाठी ठेवलेलं. मामांनी ते उभ्याउभ्याच खाल्लं, हात पुसले, पिशवीतून वही काढली आणि लाल शाईच्या रकान्यात लिहिलं: शिल्लक २१२.