बंब येईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिलमधली दुपार, दोन वाजून गेलेले. स्टेशनातला फोन खणखणतो आणि पलीकडून कुणीतरी ओरडतं, "भिया, जल्दी आओ, खेत में आग लागी गी!" आमचा माणूस विचारतो, कुठं? "अरे, वो पीपलवाले खेत में." गाव कोणतं? गावाचं नाव कळतं. गावाच्या कुठल्या अंगाला? "धुआं दिख रियो है, आ जाओ." आणि फोन बंद.

चौतीस वर्षं मी आगीच्या गाडीवर काढली. सुरुवात इंदूर शहरात, पुढची निम्मी नोकरी तालुक्याच्या गावी. या चौतीस वर्षांत मला सगळ्यांत जास्त कुणी छळलं असेल, तर या 'पीपलवाले खेत'नं. माळव्यात पिंपळ नसलेलं गाव दाखवा मला! गावांची नावंसुद्धा त्याच्यावरूनच. आपल्या इंदूरच्या पोटातच पिपल्याहाना आहे, पिपल्याराव आहे, पिपल्याकुमार आहे. तालुक्यात तर एकाच नावाची दोन गावं दोन टोकांना असतात. एकदा आम्ही घंटा वाजवत ज्या गावात पोहोचलो तिथं एका घरी लग्नाचा मांडव पडला होता. आगीचा पत्ता नाही. लोकांनी आधी गाडीला वाट करून दिली आणि मग हसायला सुरुवात केली. खरं गाव अठरा किलोमीटर मागं राहिलं होतं.

आपण मराठी माणसं या गाडीला बंब म्हणतो. रामबागेतल्या आमच्या घरात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंबही होता. आई म्हणायची, एका बंबात मी विस्तव घालते आणि दुसऱ्या बंबानं तू तो विझवत फिरतोस, घरात शिल्लक काय राहणार?

शहरातल्या माणसाला आग म्हटली की होळकरांचा राजवाडा आठवतो. १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा तो जळाला. खालचे दगडी मजले उभे राहिले, वरचं लाकूड गेलं. पुढं तो पुन्हा उभा केला गेला, कारण तो राजवाडा होता आणि गावाच्या डोळ्यांसमोर होता. देपालपूरकडच्या एखाद्या शेतातला वीस बिघे उभा गहू जळतो तेव्हा बघायला कोणी नसतं. संध्याकाळपर्यंत वारा राखसुद्धा घेऊन जातो.

आता एक गोष्ट सांगतो, ती मलाही निवृत्त व्हायच्या सुमारास कळली. आपल्या संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे, १८ विषयांची. त्यात सातवा विषय अग्निशमन सेवा. अकरावी अनुसूची पंचायतींची, तिच्यात २९ विषय आहेत. शेती आहे, पशुपालन आहे, रस्ते आहेत, जत्रा-बाजारसुद्धा आहेत. आगीचं नाव नाही. म्हणजे शहराला बंब ठेवायचा, आणि खेड्याला? खेड्यानं शहराच्या बंबाची वाट बघायची. इंदूरचं फायर ब्रिगेड वर्षानुवर्षं पोलीस खात्याकडे, आणि सांवेर, देपालपूर, बेटमा, गौतमपुरा अशा ठिकाणी गाडी नगर परिषदेची. त्या एकेका गाडीच्या भोवती गावं किती, ते नकाशा काढून मोजा. गाडी नगराची, पण तिचं निम्म्याहून जास्त डिझेल जळतं ते नगराच्या हद्दीबाहेर. यावरून हिशेबाच्या वेळी किती कुरकुर होते, ती मी ऐकलेली आहे. कुणाची ते सांगत नाही.

आमच्या खात्याचा एक दंडक आहे. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि खेड्यात वीस मिनिटांत गाडी पोहोचायला हवी. चांगला दंडक आहे. पण वीस किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन बैलगाडीच्या वाटेचे, मध्ये एक रेल्वे फाटक, आणि गाडीच्या पोटात साडेचार टन पाणी. वळणावर ते पाणी एका अंगाला जातं आणि त्याबरोबर गाडीही जायला बघते. ड्रायव्हर कितीही पट्टीचा असला तरी वीस मिनिटांची चाळीस होतात.

आणि वाळलेला गहू चाळीस मिनिटं थांबत नाही. चैत्रात पश्चिमेकडून लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, सुटलेली असते. माणूस पळेल त्याहून वेगानं आगीचं तोंड पुढं जातं. कडकडकड असा आवाज येतो, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. ते ओंब्यांमधले दाणे फुटत असतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकला त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बरं, गाडी पोहोचली. पुढं काय? आमच्या बहुतेक गाड्यांच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी. एक होज लावली, ब्रांच म्हणजे तिच्या टोकाची तोटी उघडली, की मिनिटाला साधारण ४५० लिटर जातं. दहा मिनिटांत टाकी कोरडी. दोन होज लावल्या तर पाच मिनिटांत. मग शेतकरी हाताला धरून विहिरीकडं नेतो. "साहेब, पाणी की कमी नी है." खरंच नसते. वाकून पाहिलं की खाली पाणी चमकताना दिसतं, चाळीस फुटांवर.

इथं जरा थांबतो, कारण या एका जागी गावकऱ्यांनी आम्हाला सर्वांत जास्त शिव्या घातल्या आहेत. एवढी मोठी सरकारी गाडी आणि चाळीस फुटांवरचं पाणी उचलता येत नाही? नाही येत. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त नळीतली हवा काढून टाकतो. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. तिची ताकद पुस्तकात दहा मीटरची आणि प्रत्यक्षात सातच. म्हणजे झाले तेवीस फूट. तेवीस फुटांच्या खाली पाणी गेलं की वर उभा असलेला बंब, मग तो कितीही लाल आणि कितीही मोठा असो, तहानलेल्या म्हशीसारखा विहिरीच्या काठावर नुसता उभा राहतो. पाणी खालून ढकलायला हवं. म्हणजे विहिरीत सोडलेली मोटर हवी. मोटरीला वीज हवी. आणि आग लागलेली असते विजेच्याच तारा एकमेकींना घासून, म्हणून लाइनमननं आधी लाइन बंद केलेली असते. ती बंद केलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी आणि आग यांची गाठ पडते ती अशी.

म्हणून मी आता जिथं जाईन तिथं सांगतो. गव्हाची कापणी सुरू व्हायच्या आधी, लाइन चालू असताना, एक हौद भरून ठेवा. पाण्याचा एक टँकर ट्रॅक्टरला जोडून झाडाखाली उभा राहू द्या. फवारणीची टाकी आणि तिचा ट्रॅक्टरवर चालणारा पंप धुऊन, पाणी भरून ठेवा. त्याला वीज लागत नाही आणि तो बांधाबांधानं जातो, जिथं आमची गाडी चिखलात नाहीतर नाल्यात अडकते. फोन १०१ला करा, ११२ला करा, पण सांगताना डीपीचं, म्हणजे शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं, नाव सांगा. शेतकऱ्याला आपली डीपी माहीत असते, पटेलवाली, मंदिरवाली, आणि लाइनमनलाही ती झोपेत माहीत असते. शेताचं नाव त्याला माहीत नसतं. आणि एक पोरगा मोटरसायकलवर सडकेच्या फाट्यावर पाठवा. त्यानं फक्त उभं राहायचं. तेवढ्यानं आमची दहा मिनिटं वाचतात.

बाकी आग विझवायची तर कडेनं, मागून, वाऱ्याकडं पाठ करून. तोंडापुढं कधीही जाऊ नका. ओल्या पोत्यांनी, कडुनिंबाच्या फांद्यांनी कडा झोडपत चला. वारा फिरलाच आणि कोंडलात, तर जळून काळं झालेल्या भागात शिरा. तिथं पाय भाजतील, पण जीव राहील, कारण जळलेलं पुन्हा जळत नाही. गोठा पेटला तर ढोरं ओढून बाहेर येत नाहीत, ती ओळखीच्या जागेलाच चिकटतात. डोळ्यांवर पोतं टाका आणि दावं सोडवत बसू नका, कापा. भुशाचा ढीग वरून विझला तरी आतून दोन-दोन दिवस धुमसतो. तो फावड्यानं उकरून पसरल्याशिवाय घरी जाऊ नका.

आणि नरवाई. गव्हाची कापणी हार्वेस्टरनं झाली की हातभर उंचीचे खुंट उभे राहतात, त्याला इकडं नरवाई म्हणतात. ती काडी लावून जाळायची सवय आहे, कारण पेरणीला शेत लवकर मोकळं होतं. मध्य प्रदेशात त्यावर दंड आहे, २ एकरांपर्यंत २,५०० रुपये, ५ एकरांपर्यंत ५,००० आणि त्यापुढं १५,०००. १ मे २०२५पासून तर नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ आणि हमीभावानं खरेदी, दोन्ही मिळणार नाही असं सरकारनं जाहीर केलं. दंडानं सवय सुटेल का, मला शंका आहे. पण शेजाऱ्याचा उभा गहू आपल्या काडीनं गेला की दोन घरांत तीन पिढ्या बोलणं राहत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

एक गंमत सांगू? वर्षात एक दिवस असा येतो की आग लागणार हे आम्हाला तारीखवार आधी ठाऊक असतं. मल्हाररावांच्या गौतमाबाईंच्या नावाचं गौतमपुरा, तिथं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होतं. हिंगणबेटाचं फळ पोकळ करून त्यात दारू भरायची, पेटवायचं आणि समोरच्या दलावर फेकायचं. गौतमपुऱ्याचं दल तुर्रा, रुणजीचं कलंगी. आपला कलगीतुरा डफाच्या साथीनं सवाल-जवाबात रंगतो, यांचा थेट डोक्यावरून जातो. तिथं होज लावून उभं राहायचं आणि वर बघत राहायचं, बस.

नुसती आग एवढंच आमचं काम असतं तर बरं झालं असतं. विहिरीत पडलेली गाय, त्याच विहिरीत गाळ काढायला उतरून बेशुद्ध पडलेला माणूस, आणि त्याला वाचवायला उतरलेला त्याचा भाऊ. बंद पडलेल्या विहिरीत कंदील किंवा पेटती चिंधी सोडून बघा असं जुनी माणसं सांगायची. ज्योत विझली तर उतरू नका. पण ज्योत विझली नाही म्हणून हवा चांगली आहे असं मात्र समजू नका, सगळे विषारी वायू ज्योत विझवत नाहीत. ३० मार्च २०२३ला, रामनवमीच्या दिवशी, इंदुरातच बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर टाकलेली फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. मी तेव्हा निवृत्त होतो. रात्री महूहून लष्कर आल्याचं ऐकलं आणि पुढं कितीतरी दिवस कुठल्याही देवळात शिरताना पायाखाली काय असेल, असा विचार यायचा.

१४ एप्रिलला आमचा अग्निशमन दिन. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज पेटलं, त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा. ते विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान स्फोटात गेले. त्या दिवसापासून आठवडाभर आम्ही शाळा-कारखान्यांत जाऊन भाषणं द्यायची, प्रात्यक्षिकं दाखवायची. आणि नेमके माळव्यात ते नरवाईचे दिवस. भाषण निम्म्यावर टाकून पळाल्याचं मला किती वेळा तरी आठवतं.

त्यातल्याच एका दिवसाची गोष्ट. आम्ही पोहोचलो तेव्हा आग दोन शेतं खाऊन तिसऱ्याच्या दिशेनं निघालेली. टाकी संपत आलेली. त्या तिसऱ्या शेताच्या बांधावर साठीतला एक शेतकरी, डोक्याला गमछा, शेजारी ट्रॅक्टर सुरू करून मुलगा बसलेला, मागं कल्टिव्हेटर. मी म्हटलं, दाजी, इथून आडवी पट्टी नांगरली तर पुढचं वाचेल. पट्टी त्याच्याच पिकलेल्या गव्हातून जात होती. त्यानं एकदा धुराकडं पाहिलं, एकदा ओंब्यांकडं. एक ओंबी खुडून हातात घेतली आणि मुलाला म्हणाला, "चलाव." दोन बिघे पिकलेलं सोनं मातीत गेलं. त्या कोऱ्या मातीपाशी येऊन आग बसली. पलीकडं चार जणांचा मिळून चाळीस बिघ्यांहून जास्त गहू उभा राहिला.

नंतर पंचनामा झाला. जळालेल्या पिकाला मदत मिळते, तसा रकाना असतो. नांगरलेल्या पिकाला रकाना नव्हता. दाजीला काही मिळालं नाही. मी दोन कागदांवर माझी साक्ष लिहून दिली, त्याचं काय झालं ते कळलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याच वाटेनं गाडी घेऊन परतत होतो. दाजीच्या गव्हाच्या पश्चिमेला, बांधाला लागून, दहा-बारा हात रुंद बरसीम घासाची पट्टी होती, पाणी दिलेली, हिरवीगार. गाडी थांबवून मी विचारलं, दाजी, ही आगीसाठी का?

"नी साहेब," तो म्हणाला, "गाय के वास्ते."